चूक नेमकी कुणाची?



या अंकाचे संपादकीय एका वर्तुळावर लिहिते आहे. हुंड्यावर, पोटगीवर, पाण्यावर, अंगणवाडी सेविकांच्या मानधनावर आपण या पानावर अनेकदा बोललो. वर्तुळावर कधी बोललो नव्हतो. पण गेल्या पावसाळ्यात आपल्या अमरावतीच्या खोलीत एक मुलगी तीन रविवार एका वर्तुळासाठी बसली होती. तिसऱ्या रविवारी ती रडली. तेव्हा वाटले, की हा विषय आपल्या पानावर यायला हवा.

मुलगी दर्यापूर तालुक्यातल्या एका गावची. इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला. शिकवणाऱ्यांनी सांगितले होते, की फुकट मिळणारी एखादी ग्राफिक्स लायब्ररी उतरवून घ्या, तिच्यासोबत येणारा नमुना प्रोग्राम चालवा, पडद्यावर वर्तुळ काढा, रंग भरा आणि जर्नलमध्ये लावा. सांगायला एवढेच. तिने लायब्ररी उतरवली, नमुना जसाच्या तसा घेतला, एक अक्षर बदलले नाही. आणि कंपाईल करायला गेली, तर पडद्यावर लाल ओळींची रांग. पुन्हा केले, पुन्हा तेच. सगळे पुसून पहिल्यापासून केले, तरी तेच.

"ताई, होऊनच नाही रायलं," ती म्हणाली. आणि मग जे म्हणाली, ते माझ्या मनात रुतून बसले. "मीच ढ हाये. बाकीच्याइचं होते, माहंच नाही होत."

प्रश्न केवळ जर्नलचा नव्हता. घरी पाहुणे येऊन गेले होते. विषय मागे राहिला तर वडील म्हणणार, बस झाले शिक्षण. एका न निघालेल्या वर्तुळामागे अशी एक तारीख उभी होती.

मी मराठीची शिक्षिका. संगणक माझ्या आयुष्यात उशिरा आला आणि आजही मी त्याच्याशी जपूनच वागते. पण प्रुफे तपासण्याची सवय तीस वर्षांची आहे. मी तिला म्हटले, "ते लाल काय म्हणते, तेवढे वाचून दाखव. सगळे नको, पहिली ओळ." तिने वाचले. संगणक म्हणत होता, 'राइट' हे नाव दुसऱ्यांदा आले आहे. फाईलचे नाव दिले होते, ओळीचा क्रमांकही दिला होता. फाईल तिची नव्हती, लायब्ररीची होती. आम्ही ती उघडली. त्या ओळीत एका चौकटीच्या चार बाजूंची नावे होती: लेफ्ट, राइट, राइट, बॉटम.

मी विचारले, "चौकटीच्या चार बाजू सांग बरे." ती म्हणाली, "डावी, वरची, उजवी, खालची." आणि थांबली. वरची बाजू यादीत नव्हतीच. लिहिणाऱ्याने 'टॉप'च्या जागी चुकून 'राइट' लिहिले होते. जुन्या कंपायलरने ती चूक चालवून घेतली, नव्याने घेतली नाही. ती फाईल वर्षानुवर्षे तशीच एका पेनड्राईव्हवरून दुसऱ्यावर फिरत राहिली. आणि तीन रविवार ही पोर स्वतःला ढ म्हणवून घेत होती.

चूक छापणाऱ्याची, आणि शिक्षा वाचणारीला! आपल्याला हा अनुभव नवा नाही. फक्त या ठिकाणी तो असेल, असे वाटले नव्हते.

*

त्यानंतर मी चौकशी करू लागले. अकोल्याच्या अभ्यासगटातल्या मुलींना विचारले, अमरावतीच्या दोन वसतिगृहांतल्या मुलींशी बोलले. प्रत्येकीकडे एक लाल ओळ होती. वाचणाऱ्या मैत्रिणींपैकी अनेकींना हे सारे परके वाटेल, म्हणून आधी ते मला कळले तसे सांगते.

प्रोग्राम म्हणजे माणसाला वाचता येईल अशा भाषेत लिहिलेल्या सूचना. यंत्राला ती भाषा कळत नाही. तिचे यंत्राच्या भाषेत रूपांतर करण्याचे काम कंपायलर करतो. चित्र काढण्याच्या सूचना प्रत्येकीने मुळापासून लिहायच्या म्हटले तर वर्षे जातील. म्हणून दुसऱ्या कुणी लिहून ठेवलेला सूचनांचा साठा वापरतात, तीच लायब्ररी. तिचे दोन भाग असतात. एक हेडर फाईल, तिच्यात फक्त नावे असतात: वर्तुळ काढणारी सूचना आहे, रेषा काढणारी आहे. दुसरा भाग म्हणजे ती कामे प्रत्यक्ष करणारा साठा.

लग्नपत्रिकेचे उदाहरण घ्या. पत्रिकेवर काका, मामा, आत्या सगळ्यांची नावे छापली आहेत. कंपायलर पत्रिका वाचतो आणि म्हणतो, ठीक. त्यानंतर लिंकर नावाचा दुसरा गडी मांडवात जातो आणि एकेकाला हाक मारतो. मामांचे नाव पत्रिकेत आहे, पण मामांना आणायला गाडीच पाठवलेली नाही. मग तो ओरडतो, 'अनडिफाइन्ड रेफरन्स', म्हणजे नाव आहे, माणूस नाही. बहुतेक मुली या ठिकाणी अडकतात. त्या पुन्हा पुन्हा पत्रिकाच तपासत बसतात, कारण पत्रिका आणि मांडव या दोन गोष्टी आहेत हेच कुणी सांगितलेले नसते.

अकोल्याच्या मुलीची गोष्ट अशीच. तिच्याकडे लिनक्स होते आणि फ्रीग्लट नावाची लायब्ररी. संगणक एकीकडे म्हणे, फ्रीग्लट आहे; कंपाईल करताना म्हणे, हेडर सापडत नाही. दोन्ही खरे होते. तयार प्रोग्राम चालवायला लागणारा भाग यंत्रात होता. नवा प्रोग्राम लिहायला लागणारा भाग वेगळ्या गठ्ठ्यात येतो, त्याच्या नावामागे 'डेव्ह' असे शेपूट असते, आणि तो वेगळा मागवावा लागतो. तो मागवला, तर आता लिंकर ओरडू लागला. कारण मैत्रिणीकडून उतरवून घेतलेल्या आज्ञेत लायब्ररीची नावे आधी होती आणि स्वतःची फाईल नंतर. नव्या उबुंटूवर आधी स्वतःची फाईल आणि मग लायब्ररी, असा क्रम लागतो. शब्द तेच, क्रम वेगळा. चार दिवस त्यात गेले.

तिसरीचा नमुना एका जुन्या पुस्तकातला होता. ओपनजीएल ही चित्र काढण्याची पद्धत सिलिकॉन ग्राफिक्स कंपनीने १९९२ साली आणली. पुस्तकांतले बरेच नमुने त्या पहिल्या काळातल्या रीतीने लिहिलेले आहेत. ती रीत २००८ साली जुनी ठरवली गेली आणि पुढच्या वर्षी मूळ नियमांतून काढली गेली. काही यंत्रांवर ती अजून चालते, काहींवर नाही. पुस्तकात यातले काही नाही. मुलीला वाटते, पुस्तक कसे चुकेल? आपणच चुकलो.

आपल्याकडे यात आणखी एक गाठ आहे. अनेक वर्षे आपल्या कॉलेजांतून टर्बो सी शिकवले गेले. बोरलँड कंपनीचे ते साधन १९८७ सालचे, डॉसच्या जमान्यातले. त्यात सगळे एका डब्यात मिळे: लिहा, बटण दाबा, वर्तुळ हजर. त्यामुळे कंपाईल करणे आणि जोडणे ही दोन कामे आहेत, हे शिकवण्याची गरजच कुणाला वाटली नाही. डॉस गेले, पण नवी यंत्रे जुन्या यंत्राचे सोंग घेऊन तोच प्रोग्राम चालवत राहिली. त्या डब्यातून बाहेर पडून मुली जेव्हा मुक्त लायब्ररीकडे येतात, तेव्हा त्यांच्या हातात भाषा असते, पण जोडणीचे ज्ञान नसते.

*

आता कुणी म्हणेल, हे तर मुलांनाही होते, मग या मासिकात कशाला? प्रश्न रास्त आहे. कंपायलर बाई-पुरुष पाहत नाही, हे खरेच. ती लाल ओळ सगळ्यांना सारखीच येते. पण ती आल्यानंतर काय होते, ते पाहा.

मुलाला ती रात्री दहाला आली, तर तो शेजारच्या खोलीत जातो. तिथे सिनिअर असतो. त्याला त्याच्या सिनिअरने सांगितलेले असते. हे ज्ञान कोणत्याही पुस्तकात नाही. ते वसतिगृहाच्या व्हरांड्यात, चहाच्या टपरीवर, पेनड्राईव्हच्या देवाणघेवाणीत राहते. मुलीच्या वसतिगृहाचे फाटक संध्याकाळी बंद होते. घरून येणारीला शेवटची सोयीची बस गाठायची असते, आणि घरी पोचल्यावर कणीक वाट पाहत असते. घरातला एकच संगणक असला तर तो भावाच्या खोलीत असतो. ज्या कामाला सलग सहा तासांचा हट्ट लागतो, ते काम ती पाऊण-पाऊण तासांच्या तुकड्यांत करते. दर वेळी पहिल्यापासून.

आणि मदत मिळते तेव्हा कशी मिळते? अकोल्याची मुलगी म्हणाली, "वर्गातल्या एका पोराले सांगतलं. त्यानं माह्या हातचा कीबोर्ड घेतला, पाच मिनिटात करून देलं. पण काय केलं, थे मले दिसलंच नाही." तो मुलगा वाईट नव्हता, आगाऊही नव्हता. त्याने मनापासून मदत केली. पण पुढच्या लाल ओळीला ती पुन्हा त्याच्याच दारात उभी. बँकेचा फॉर्म 'द्या इकडे, मी भरतो' म्हणून हातातून घेणारे दीर आणि भाऊ आपण ओळखतो. ते प्रेमाने घेतात. आणि पन्नाशीला आपल्याला कळते, की आपल्याला पैसे काढायची चिठ्ठी भरता येत नाही.

हे दुखणे आपल्यापुरते नाही. २००२ साली व्हॅल हेन्सन या संगणकतज्ज्ञ बाईंनी लिनक्समध्ये स्त्रियांना उत्तेजन कसे द्यावे यावर एक मार्गदर्शिका लिहिली. तिच्यात पुरुष सहकाऱ्यांना दिलेल्या सल्ल्यांपैकी एक असा, की शिकणाऱ्या बाईच्या हातून कीबोर्ड काढून घेऊ नका. पुढे २००६ साली नोम या मुक्त प्रकल्पाकडे उन्हाळी कामासाठी १८१ अर्ज आले. त्यांत स्त्रीचा एकही नव्हता. तेव्हा त्यांनी खास स्त्रियांसाठी वेगळी योजना जाहीर केली, तर शंभरेक अर्ज आले. त्या बाया कुठे आकाशातून पडल्या नव्हत्या. त्या होत्याच. 'सर्वांसाठी खुले' या पाटीखाली आपलीही गणना आहे, असे त्यांना वाटले नव्हते. त्या योजनेतूनच आजचा 'आउटरीची' हा उपक्रम वाढला.

आणि गंमत पाहा, कंपायलर हा शब्द संगणकात आणला तो एका बाईने. ग्रेस हॉपर यांनी १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला पहिला कंपायलर म्हणावा असा प्रोग्राम तयार केला. त्याच्याही आधी, १९४५ साली, अमेरिकेत एनिअॅक या यंत्राच्या प्रोग्रामिंगसाठी सहा स्त्रिया निवडल्या गेल्या. त्यांना शिकवायला पुस्तक नव्हते. सुरुवातीला यंत्राच्या खोलीत शिरायची परवानगीसुद्धा नव्हती. नकाशे पाहून त्यांनी ते यंत्र समजून घेतले. १९४६ च्या फेब्रुवारीत यंत्राचे जाहीर प्रदर्शन त्यांच्या प्रोग्रामवर पार पडले, आणि रात्रीच्या मेजवानीचे आमंत्रण मात्र त्यांना नव्हते. हे मी अभिमानाने मिरवायला सांगत नाही. ज्या दारात आपल्या मुली आज संकोचाने उभ्या आहेत, ते दार परक्याचे नाही, एवढेच त्यांना कळावे.

*

या विषयाबद्दल आपल्यातल्याच एका ज्येष्ठ मैत्रिणीने मला टोकले. म्हणाली, "बाया मार खात आहेत, शेतकऱ्याच्या विधवा जमिनीच्या सातबाऱ्यासाठी तलाठ्याच्या दारात बसल्या आहेत, आणि तू वर्तुळे काढत बसलीस?" तिचे म्हणणे मी हसण्यावारी नेत नाही. पण सातबारा आता संगणकावर आहे. रेशन, पेन्शन, पीकविमा, सगळे त्या यंत्रातून जाते. ते यंत्र कुणाच्या हाती असेल, हा प्रश्न त्या विधवेचाही आहे. यंत्रापुढे बसून फक्त बटणे दाबणाऱ्या बाया आपल्याकडे खूप झाल्या. यंत्राला काय करायचे ते सांगणाऱ्या अजून थोड्या आहेत.

सरकारने काहीच केले नाही, असेही नाही. इंजिनिअरिंगच्या प्रवेशात मुलींना ३० टक्के जागा आहेत. २०२४ च्या जुलैमध्ये आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या आर्थिक दुर्बल, इतर मागास आणि सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास घटकांतल्या मुलींची व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिक्षण आणि परीक्षा फी पूर्ण माफ झाली. मार्च २०२३ पासून एसटीत बायांना अर्धे तिकीट आहे. अकोल्याच्या मुली त्याच अर्ध्या तिकिटावर आपल्याकडे येतात. ज्या रस्त्याने येतात त्याचा ७५ किलोमीटरचा पट्टा जून २०२२ मध्ये पाच दिवसांच्या आत डांबरला गेला आणि जगभर विक्रम म्हणून गाजला. म्हणजे मनात आणले तर वाट होते. फी माफ झाली, तिकीट अर्धे झाले, रस्ता गुळगुळीत झाला. वर्गात पोचल्यावर समोर जी लाल ओळ येते, तिथली वाट मात्र अजून कुणी बांधलेली नाही.

'आता तर यंत्रालाच विचारले की यंत्र उत्तर देते' असे मला एका प्राध्यापकांनी सांगितले. खरे आहे, मुली विचारतात. लाल ओळ जशीच्या तशी टाकली की उत्तर येते, पुष्कळदा बरोबर येते. रात्री फाटकाबाहेर न जाता विचारता येते, हा फायदा मी नाकारणार नाही. पण पत्रिका आणि मांडव यांतला फरक जिला माहीत नाही, तिला आलेले उत्तर बरोबर की चूक हे कळत नाही. तोडगे चिकटवत ती पुढे जाते, आणि सहावा तोडगा चालला नाही की पुन्हा तेच, मीच ढ. कीबोर्ड घेणारा हात फक्त बदलला.

*

मग करायचे काय? आम्ही एक साधी गोष्ट केली. खोलीत एक वही ठेवली. तिचे नाव मुलींनीच ठेवले, 'लाल वही'. लाल ओळ आली की ती अक्षरशः वहीत लिहायची. कोणते यंत्र, कोणता कंपायलर, लायब्ररीची कितवी आवृत्ती, तारीख. सुटली की कशी सुटली ते मराठीत, आपल्या शब्दांत, खाली. पहिले पान त्या 'राइट'चे आहे. दुसरे 'डेव्ह' या शेपटाचे. एका पानावर एवढेच आहे: 'लायब्ररी ३२ बिटची होती, कंपायलर ६४ बिटचा. ते एकमेकांशी बोलत नाहीत. दोन दिवस गेले.' हे वाचून दुसरीचे दोन दिवस वाचले.

वहीसोबत एकच नियम आहे. मदत करणारीने हात पाठीमागे बांधून बसायचे. बोलायचे, विचारायचे, बोट दाखवायचे. कीबोर्डला हात लावायचा नाही. कितीही उशीर झाला तरी.

कॉलेजांकडे आमचे मागणे फार नाही. पहिल्याच आठवड्यात कंपाईल करणे आणि जोडणे या दोन गोष्टी वेगवेगळ्या करून शिकवा. नमुना प्रोग्राम द्यायचा तर तो लॅबच्या यंत्रावर आधी चालवून पाहा. मुलींना थांबता येईल अशा उजेडाच्या वेळी लॅब उघडी ठेवा. आणि जर्नलमध्ये फक्त निघालेल्या वर्तुळाला गुण देऊ नका. कुठे अडले, कसे सुटले, हे लिहिणाऱ्यालाही गुण द्या. म्हणजे अडणे ही लपवायची गोष्ट राहणार नाही.

लायब्ररी लिहून जगाला फुकट देणाऱ्यांबद्दल मला आदर आहे. विनामोल काम म्हणजे काय असते, ते बायांना कुणी सांगायला नको. त्यांच्याकडे एवढीच विनंती, की हा नमुना कोणत्या यंत्रावर, कोणत्या कंपायलरने, कोणत्या वर्षी चालवून पाहिला, ही एक ओळ वर लिहा. आणि आपल्या मुलींना माझे सांगणे, की चूक सापडली तर ती कळवा. मुक्त म्हणजे फुकट एवढाच अर्थ नाही. दुरुस्त करण्याचा हक्कही त्यात आहे, आणि तो हक्क दुसऱ्या वर्षाच्या, दर्यापूर तालुक्यातल्या मुलीलाही आहे.

त्या तिसऱ्या रविवारी 'राइट'चा 'टॉप' केल्यावर लगेच वर्तुळ आले नाही. लिंकर ओरडला, मग ३२ आणि ६४ चे भांडण निघाले. पण आता ती रडत नव्हती, वाचत होती. दिवेलागणीला काळ्या पडद्यावर एक पांढरे वर्तुळ उमटले. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "यात रंग मी घरी भरतो, ताई. आता मले येते." आमच्याकडच्या पोरी अशाच बोलतात, 'भरतो' म्हणतात.

जर्नल वेळेवर गेले. पाहुण्यांचे काय झाले, ते मी विचारले नाही. ती लढाई तिची तिलाच लढायची आहे, आपण सोबत आहोत. परवाच्या रविवारी मात्र ती एका पहिल्या वर्षाच्या मुलीशेजारी बसलेली दिसली. दोन्ही हात पाठीमागे. समोर लाल ओळी. ती म्हणत होती, "सगळं नको वाचू. पहिली ओळ वाच."

लाल वही खोलीतल्या टेबलावर आहे. पेन दोऱ्याने बांधून ठेवले आहे. ज्या मैत्रिणींच्या गावात अशा मुली असतील, त्यांनी त्यांना पाठवावे, किंवा आपल्या गावी दुसरी वही सुरू करावी.